क्यूची टिप का निघते?

पूल खेळण्याच्या काठीची, म्हणजे क्यूची, टिप (टोकावरची चामड्याची गोल चकती) घरी बसवली की चार दिवसांत निघते, आणि दोष बहुधा गोंदावर येतो. मग पुढच्या वेळी गोंद दुप्पट ओततात. खरे तर पकड गोंदाच्या जाडीतून येत नाही. दोन सपाट, स्वच्छ पृष्ठभागांमधल्या पातळ थरातून येते.

सायकलचे पंक्चर आठवा. ट्यूब घासल्याशिवाय कोणी ठिगळ लावत नाही. इथेही तेच. जुनी टिप ब्लेडने काढल्यावर फेरूलवर (टिपेखालचे कडक कडे) वाळलेला गोंद उरतो. तो खरवडून काढा, पण फेरूलच झिजवू नका. नव्या टिपेची पाठ सपाट फळीवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासा. बोटांत धरून घासली तर कडा गोल होतात आणि कडेला फट राहते. सुपरग्लू जेलचा एक थेंब पुरतो. पातळ द्रव मात्र चामड्यात मुरून त्याला कडक करतो. दाबून धरा, रात्रभर राहू द्या.

मग क्यू उलटा करून टिप फळीवर टेकवा आणि बाहेर आलेली कड ब्लेडने कापा. वरचा घुमट साधारण रुपयाच्या नाण्याच्या कडेइतका गोल हवा.