अर्ध्यावर सोडलेलं कोकणातलं घर

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर हल्ली एक विषय हमखास निघतो. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलीय, हातात थोडे पैसे आहेत, तर कोकणात एखादं तयार घर बघावं का? तयार म्हणजे काय, तर कुणीतरी हौसेने दुरुस्तीला काढलं, मध्येच पैसा किंवा उत्साह आटला आणि आता विकायला ठेवलं. पुढे नवी लादी, कमोड, खिडक्यांना जाळ्या. मागची पडवी मात्र आजोबांच्या वेळची. फोटोत ते फार गोड दिसतं.

आधी कागद बघू. दादरकराला घर म्हणजे सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. कोकणात घर आणि घराखालची जमीन या दोन वेगळ्या गोष्टी निघू शकतात. विकणारा ग्रामपंचायतीचा नमुना ८ पुढे करतो. त्यावर त्याचं नाव असतं, घर क्रमांक असतो, घरपट्टी भरलेली असते. पण तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. जमीन कुणाची हे सातबारा सांगतो. घाटावर घरं बहुधा गावठाणात दाटीने असतात. कोकणात ती वाडीवाडीत, आपापल्या ठिकाणात विखुरलेली. म्हणून घर सातबाऱ्याच्या जमिनीवर उभं असतं, आणि ती बिनशेती झालेली नसेल तर कायद्याच्या नजरेत शेतजमीनच राहते. १९४८च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. शेतकरी ठरण्यासाठी तुमच्या आजोबांच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून तुमचं नाव चढलंय का, हे घर बघायला जाण्यापूर्वी तपासा. अनेकांचं चढलेलं नसतं.

सातबाऱ्यावर इतर हक्काचा रकाना सावकाश वाचायचा. तिथे कलम ४३ची नोंद दिसली, तर जमीन कुळाला कायद्याने मिळालेली आहे आणि तिच्या विक्रीला अटी आहेत. आणखी एक नोंद भेटते, ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तीन अक्षरं, पण त्यांच्या मागे भाऊ, पुतणे, लग्न होऊन बोरिवलीला आणि बडोद्याला गेलेल्या आत्या असतात. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. ‘बहिणींचं काही म्हणणं नाही हो,’ हे विकणाऱ्याचं वाक्य ऐकून घ्या आणि खरेदीखतावर त्यांच्या सह्या मागा. एकाने घर दुरुस्त करायला काढलं आणि चुलत्याने काम थांबवलं, हे दुरुस्ती अर्धवट राहण्याचं नेहमीचं कारण. ‘बजेट संपलं’ असं सांगतात.

म्हणून वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी, आणि मगच साठेखत. विहिरीतला हिस्सा, पाखाडीवरून येण्याजाण्याचा हक्क आणि आवारातली फणस-आंब्याची झाडं कुणाची, हे खतात लिहून घ्यायचं. झाड एकाचं आणि जमीन दुसऱ्याची, हे कोकणात नवल नाही. समुद्राजवळचं घर असेल तर सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, नियम पाहा: २०१९च्या अधिसूचनेनुसार कमी दाट वस्तीच्या गावांत भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, आणि जुन्याची दुरुस्तीही नियमांत बसवावी लागते. मागच्या मालकाने टाकलेला स्लॅब दुरुस्तीत मोडत नाही. त्याची परवानगी मागा.

आता घर. फ्रान्समध्ये खेड्यातलं जुनं घर विकताना मालकाला शिसं, अॅस्बेस्टॉस, जुनी वायरिंग, ठरावीक भागांत वाळवी, अशा तपासण्यांचे अहवाल खरेदीदाराला द्यावे लागतात. वर खरेदीदाराला माघारीसाठी दहा दिवस मिळतात. आपल्याकडे वाळवी आपणच शोधायची.

नव्या भागावर भाळू नका, तिथेच जास्त वेळ घालवा. जुन्या भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या, मातीत किंवा चुन्यात रचलेल्या. त्या ओल शोषतात आणि सोडतात. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि चकचकीत रंग चढवला की ओल आत कोंडते. जमिनीपासून हात-दोन हात उंचीवर पोपडे धरलेले दिसतील, किंवा तिथेच नेमकं कपाट ठेवलेलं असेल. कपाट सरकवायला सांगा. मग बॅटरी घेऊन माळ्यावर चढा. आढं सरळ आहे की मध्ये झुकलंय? वाशांच्या भिंतीवर टेकलेल्या टोकांत चाकू खुपसा. लाकूड लोण्यासारखं लागलं तर तो वासा गेला. फुटकं कौल बदलणं सोपं, वासा बदलायचा तर छप्पर उतरवावं लागतं. पुढे मजला चढवू म्हणून पिलरच्या सळया उघड्या ठेवल्या असतील, तर दोन-तीन पावसाळ्यांतच गंज धरतो. काँक्रीटला खाडीची खारी रेती वापरली असेल तर आतही.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीत किती छपरं उडाली हे तिथल्या कुणालाही विचारा. या घराचं छप्पर तेव्हा कुठे होतं, हेही शेजारच्या घरी विचारा. चहा मिळेल आणि विकणाऱ्याने न सांगितलेलं बरंच काही कळेल.

खर्चाचा अंदाज गावच्या गवंड्याकडून घ्या, आणि गाडी दारात येते की चिरे डोक्यावरून पाखाडीने आणायचे, हे त्याला आधी दाखवा. खरेदीखत झालं की काम संपत नाही: फेरफाराची नोंद, नमुना ८ वरचं नाव आणि विजेचा मीटर, तिन्ही स्वतंत्रपणे बदलून घ्यावे लागतात.

मे महिन्यात घर पाहून विसार देऊ नका. जुलैत एक रात्र तिथे झोपा आणि पागोळ्या कुठून आत येतात ते बघा. कोकणात जाणारी तुतारी एक्सप्रेस मध्यरात्री दादरहूनच सुटते, आणि मे किंवा गणपतीच्या मानाने जुलैत तिकीट सहज मिळतं.