बोटांची ऊब आणि दोन ट्रान्झिस्टर

न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावातून 1972 साली बर्नी हचिन्स यांनी ‘इलेक्ट्रोनोट्स’ नावाचं वार्तापत्र सुरू केलं. रॉबर्ट मूग यांचा सिंथेसायझरचा कारखाना जवळच ट्रुमन्सबर्गला होता. तो वर्षभरापूर्वीच बफेलोकडे हलला होता. टाइपरायटरवर बडवलेला मजकूर आणि हाताने काढलेली सर्किटं, एवढाच सगळा थाट. त्याच दशकात लॉस एंजेलिसहून ‘सिनॅप्स’ हे नियतकालिक निघायचं. त्यात मुलाखती, फोटो, चाळायला झकास. ‘इलेक्ट्रोनोट्स’ चाळता येत नाही. समोर ब्रेडबोर्ड मांडलेला नसेल तर त्यातलं निम्मं डोक्यावरून जातं. माझ्याकडच्या जुन्या अंकांच्या झेरॉक्सवर सोल्डरचे डाग आहेत, ते यामुळेच.

त्यातल्या एका विषयाने मला पुरतं धरून ठेवलं. सिंथेसायझरच्या कीबोर्डवर एक सप्तक वर गेलं की एक व्होल्ट वाढतो, पण स्वराची कंपनसंख्या दुप्पट व्हायला हवी. म्हणजे बेरजेचा गुणाकार करणारं काहीतरी मध्ये हवं. हे काम साधा ट्रान्झिस्टर करतो: बेसवर साधारण 18 मिलिव्होल्ट वाढले की त्यातला प्रवाह दुप्पट होतो. घोडं अडतं ते उष्णतेपाशी. तापमान एक अंशाने वाढलं की तोच ट्रान्झिस्टर सुमारे 2 मिलिव्होल्टनी सरकतो आणि सूर एका अर्धस्वराहूनही जास्त चढतो. एप्रिलमधल्या पुण्यात सकाळी लावलेला सा दुपारपर्यंत कुठे पोचेल, विचारूच नका. म्हणून एकाऐवजी दोन ट्रान्झिस्टर एकमेकांविरुद्ध जोडायचे. दोघे सारखेच सरकले की सरकणं कटतं.

पण सारखे दोन मिळवायचे कसे? पुण्याच्या तपकीर गल्लीतून मूठभर बीसी 547 ट्रान्झिस्टर आणायचे. एकेकाचा बेस आणि कलेक्टर जोडून 10 व्होल्टचा पुरवठा 100 किलोओहममधून द्यायचा आणि मिलिव्होल्ट मोजायचे. आकडा सहाशेच्या आगेमागे येतो. तो लगेच लिहून घेतला की फसलात. ट्रान्झिस्टर नुकताच तुमच्या चिमटीत होता. बोटांची ऊब उतरते तसा आकडा चढत राहतो. तो थांबेपर्यंत थांबायचं, पंखा बंद ठेवून. पुढचा ट्रान्झिस्टर चिमट्याने उचलायचा. तासाभरात खोलीच तापलेली असते, म्हणून खुणेचा एक बाजूला ठेवून मधून मधून पुन्हा तोच मोजायचा. हे काम कंटाळवाणं आहे, आणि मला ते मनापासून आवडतं.

एक मिलिव्होल्टच्या आत बसणारी जोडी सापडली की दोघांच्या चपट्या बाजू एकमेकींना भिडवून इपॉक्सीने चिकटवायच्या. तरी थोडी चूक उरतेच. मूळ स्वरापासून तीन सप्तकं दूरच्या स्वरात अंशामागे साधारण 12 सेंटची. तिच्यासाठी तापमानाबरोबर अंशाला 0.33 टक्के वाढणारा खास रेझिस्टर लागतो. तो मला बाहेरून मागवावा लागला. तोही जोडीच्या पाठीवर चिकटवायचा, म्हणजे तिघांना एकच हवा लागते. हा 0.33 आकडा कुठून आला? केल्विनमध्ये खोलीचं तापमान 300च्या आसपास असतं, आणि एक भागिले 300 म्हणजेच तो. हे एकदा उमगलं की पाठ करायला काही उरत नाही. नुसतं सर्किट देणारी मासिकं तेव्हाही पुष्कळ होती; ‘इलेक्ट्रोनोट्स’ त्यामागचं कारणही सांगायचं.

मग जुळवणीचे दोन प्रीसेट फिरवणं. खालच्या सप्तकात एक, वरच्या सप्तकात दुसरा. वरचा जुळला की खालचा हलतो, खालचा जुळवला की वरचा रुसतो. शेजारी ठरलेल्या स्वराचा आवाज लावून ठेवायचा. तानपुऱ्याची जोड लावताना ऐकू येते तशीच लहर इथेही येते, आणि ती संथ होत होत थांबली पाहिजे. मीटरपेक्षा कानावर माझा भरवसा जास्त.

पाचव्या सप्तकाशी सूर पुन्हा किंचित उतरतो. यात उष्णतेचा हात नसतो. करवतीसारखी लाट प्रत्येक फेरीला शून्यावर परतताना जो क्षणभर वेळ खाते, तो वरच्या स्वरांना जाणवू लागतो. कॅपॅसिटरच्या सिरीजमध्ये एक छोटा रेझिस्टर टाकला की तोही बराचसा भरून निघतो.