कादंबरीतील तात्त्विक प्रश्न आणि वाचक : 'ययाति' व 'कोसला' यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
कादंबरी हा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ नव्हे. तीत सिद्धान्त, प्रमाणे आणि खंडन-मंडन यांची शास्त्रीय मांडणी नसते. तरीही ती वाचून झाल्यावर स्वातंत्र्य, जबाबदारी, मृत्यू, जीवनाचा अर्थ यांविषयीचे प्रश्न वाचकाच्या मनात उभे राहतात. हे प्रश्न त्याला नेमके कोठे सापडतात, हे मराठीतील दोन परिचित कादंबऱ्यांच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

तात्पर्य आणि प्रश्न :
पात्रांच्या तोंडची चिंतनपर वाक्ये वेचणे म्हणजे कादंबरीतील तत्त्वज्ञान शोधणे, असा समज रूढ आहे. वस्तुतः अशी वाक्ये म्हणजे त्या त्या पात्राचा पक्ष असतो. पात्र जे म्हणते आणि कथानकात जे घडते, यांत अंतर पडते तेथे वाचक थांबतो. कोणाचे म्हणणे स्वीकारावे, याचा निवाडा त्यालाच करावा लागतो. तात्त्विक प्रश्न जन्म घेतो तो या ठिकाणी.

'ययाति' : शाप की निवड?
वि. स. खांडेकर यांची 'ययाति' (१९५९) ही कादंबरी ययाती, देवयानी व शर्मिष्ठा यांच्या आत्मनिवेदनांतून उलगडते. नहुषाची मुले कधीही सुखी होणार नाहीत, या शापाची छाया ययातीवर आहे. केवळ त्याचेच निवेदन वाचल्यास त्याचे दुःख दैवाने लादलेले वाटू शकते. इतर दोघींची निवेदने जोडून वाचली की, त्याला वेगळे वागता आले असते अशी वळणे दिसू लागतात. पुरूचे तारुण्य घेणे हे शापाचे फळ, की त्याची स्वतःची निवड? यतीही नहुषाचाच पुत्र. त्याने भोगाऐवजी वैराग्याचा मार्ग धरला, पण सुख त्यालाही लाभले नाही. शाप एकच असता मार्ग परस्परविरुद्ध कसे? भोगलालसेविरुद्धचा इशारा हे कादंबरीचे तात्पर्य मानले, तरी कर्तृस्वातंत्र्याचा हा प्रश्न त्यापलीकडे शिल्लक राहतो.

'कोसला' : कशाचे उदाहरण?
भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'त (१९६३) निवेदक एकच आहे. त्यामुळे येथील अंतर निवेदकांमध्ये नसून भाषा आणि अनुभव यांच्यामध्ये आहे. पांडुरंग सांगवीकर स्वतःविषयी बोलतानाही 'उदाहरणार्थ' हा शब्द सहज वापरतो. एका माणसाचे आयुष्य कशाचे उदाहरण असू शकते काय, हा प्रश्न त्या वरवर विनोदी लकबीत दडलेला आहे. धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूपाशी तो तीव्र होतो. हा मृत्यू कोणत्याही सर्वसाधारण नियमाचे उदाहरण म्हणून पांडुरंगला स्वीकारता येत नाही. मृत्यू अटळ आहे, हे सामान्य विधान खरे असूनही येथे अपुरे पडते. 'अस्तित्ववादी कादंबरी' एवढी नोंद करून पुढे जाणाऱ्या वाचकाला हे अपुरेपण जाणवण्याची शक्यता कमी असते. कारण प्रश्न पडण्यापूर्वीच त्याच्या हाती उत्तर आलेले असते.

वाचकाच्या स्वातंत्र्याची मर्यादा :
वाचकानेच प्रश्न शोधायचा, तर कोणत्याही कृतीत कोणताही प्रश्न आढळेल, असा आक्षेप संभवतो. त्यावर एक कसोटी सांगता येते. ज्या प्रश्नाचे स्थान संहितेतील प्रसंग, निवेदन किंवा शब्दयोजना यांत दाखविता येते, तोच त्या कृतीचा प्रश्न होय. इतर प्रश्न वाचकाचे स्वतःचे असतात. ते निरर्थक नसतात, परंतु त्यांचा भार कृतीवर टाकता येत नाही.

समारोप :
अध्यापनाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. लेखकाचे तत्त्वज्ञान मुद्देसूद सांगा, असे विचारल्यास विद्यार्थी तयार टिपणांकडे वळतो. निवेदकाचे म्हणणे कोणत्या प्रसंगी पटत नाही व का, असे विचारल्यास त्याला पुन्हा कादंबरी उघडावी लागते. साहित्याच्या वर्गात तत्त्वविचाराचा प्रारंभ या पुनर्वाचनातून होऊ शकतो.