आजीचा पाळणा आणि चार वेळा दाबलेला आवाज

हेडफोन लावलेत ना? आज विषय आवाजाचाच आहे.

आमच्या कोपरीच्या घरात माळा आवरताना २००४ सालच्या बारशाची मिनीडीव्ही कॅसेट सापडली. त्यात आजीने पाळणा म्हटलाय. आजी आता नाही. ही कॅसेट आम्ही पूर्वी डीव्हीडीवर उतरवून घेतली होती. मग त्या डीव्हीडीवरून मी फाइल काढली, फोनवर एडिट केली, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. म्हणजे आवाज चार वेळा दाबला गेला. आजीचा 'स' शिट्टीसारखा, आणि मागून जाणाऱ्या लोकलचा भोंगा पाण्याखालून आल्यासारखा.

असं का होतं? एमपी३, एएसी, डीव्हीडीवरचा एसी-३ हे सगळे फॉरमॅट 'कानाला हे कळणार नाही' असं ठरवून आवाजाचा काही भाग कायमचा टाकून देतात. एकदा केलं तर खरंच कळत नाही. पण प्रत्येक नव्या एक्स्पोर्टला उरलेल्यातून पुन्हा काही जातं.

आता गंमत बघा. मिनीडीव्हीवर १६ बिट मोडमध्ये आवाज न दाबता ठेवलेला असतो, सेकंदाला १५३६ किलोबिट. तासाला साधारण ६९० एमबी. अख्खी एक तासाची टेप मात्र १३ जीबीच्या आसपास! जागा खातो तो व्हिडिओ, आणि आपण कात्री लावतो आवाजाला. कंजुषी करायचीच तर चित्रात करा ना.

माझा निर्णय फ्लॅक. २००१ पासूनचा मोफत, खुला फॉरमॅट आहे. कपडे घडी करून बॅगेत भरावेत तसं हे काम: जागा बरेचदा निम्म्यापर्यंत येते, आणि उलगडल्यावर मूळ आवाज जसाच्या तसा. फक्त फाइल एमकेव्ही ठेवा. एमपी४मध्ये फ्लॅक बसतो, पण काही फोन आणि टीव्हीवर चित्र दिसतं, आवाज गायब. हँडब्रेकमध्ये ऑडिओला फ्लॅक निवडता येतो, व्हीएलसीवर तो वाजतो.

नातेवाइकांना पाठवायला वेगळी कॉपी करा, एमपी४ आणि एएसी १९२. तासाला आवाजाचे जेमतेम ८६ एमबी. ओपस कमी जागेत भारी वाजतो, पण जुने टीव्ही त्याला ओळखत नाहीत.

एक चूक मात्र करू नका. फोनवर शूट केलेल्या व्हिडिओत आवाज बहुतेक वेळा आधीच एएसी असतो. त्याचं फ्लॅक केलंत तर फाइल फुगेल, गेलेलं परत येणार नाही. तिथे 'पासथ्रू' निवडा, आहे तो आवाज तसाच उचलला जातो. जुन्या डीव्हीडीलाही हेच लागू.

मी मित्राचा हँडीकॅम आणला, फायरवायरचं पोर्ट असलेला जुना लॅपटॉप शोधला (यातच दोन रविवार गेले) आणि कॅसेट पुन्हा उतरवली. पाळण्याच्या मध्येच आजी हळूच कुणाला तरी म्हणते, "पंखा बारीक कर रे, बाळाला वारा लागतोय." फॉरवर्ड झालेल्या कॉपीत हे आम्हाला कधी ऐकूच आलं नव्हतं.