तांब्याच्या पत्र्याखाली वाचलेले खिळे

1761 साली ब्रिटिश नौदलानं ‘अलार्म’ या लाकडी युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पातळ पत्रे मारले. लाकूड पोखरणाऱ्या समुद्रकिड्यांवरचा तो उपाय लागूही पडला. पण वेस्ट इंडीजची फेरी करून जहाज परतलं, तेव्हा पत्रे जागोजागी सुटले होते. त्यांना धरून ठेवणारे लोखंडी खिळे गंजून गेले होते. काही खिळे मात्र धडधाकट निघाले. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद तेवढ्या जागी कामगारांनी काढलाच नव्हता. त्यामुळे तिथे लोखंड तांब्याला टेकलं नव्हतं.

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकून खाऱ्या पाण्यात राहिले की त्यांची बॅटरी बनते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे वीज त्यातून सहज वाहते. या जोडीतला एक धातू झिजतो आणि दुसरा त्याच्या जिवावर टिकतो. मच्छीमार बोटीखाली ब्राँझचा पंखा, स्टेनलेस स्टीलचा शाफ्ट आणि लोखंडी सुकाणू शेजारी शेजारी आले, की हाच खेळ सुरू होतो.

झिजणारा धातू आपणच निवडायचा, ही कल्पना 1824 मध्ये हम्फ्री डेव्हीनं मांडली. कोचीत सागवानी लाकडात बांधलेल्या ‘समरंग’ या जहाजाच्या तांब्याला त्यानं लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं वाचलं, पण मग त्याचा विषारी अंश पाण्यात उतरेना आणि तळाला शेवाळ-शिंपल्यांचा थर चढला. जहाजं मंदावली, तेव्हा नौदलानं हा उपाय सोडून दिला. डेव्हीचं शास्त्र मात्र बरोबर होतं. आज बोटींना लावतात तो जस्ताचा तुकडा त्याचीच देणगी. या तुकड्याचा बोटीच्या धातूशी थेट संपर्क हवा, आणि रंगकाम करताना त्यावर चुकूनही ब्रश फिरता कामा नये. रंगवलेलं जस्त निकामी ठरतं. निम्मं झिजलं की ते बदलायचं. लाकडी बोटीवर मात्र ते गरजेपेक्षा जास्त लावणंही घातक, कारण संरक्षित धातूभोवती अल्कली तयार होऊन लाकूड कुजतं.

विजेच्या वायरिंगचं दुखणं अधिक फसवं, कारण ते प्लास्टिकच्या आवरणाखाली वाढतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. म्हणून एकदा शिंतोडा बसलेला सांधा उन्हात ठेवला तरी पुरता कोरडा होत नाही. आधी तो गोड्या पाण्यानं पुसावा लागतो. टोकाशी उघडी राहिलेली तार पाणी आत शोषून घेते. वीतभर आवरण सोलून पाहिलं, तर आतली तांब्याची तार काळवंडलेली, कुठे हिरवी कळकलेली दिसते. यावर कल्हई केलेल्या तारा मिळतात. तांब्या-पितळेच्या भांड्यांना लावतात तेच कथील इथे कामी येतं. सांधा पिळून इन्सुलेशन टेप गुंडाळणं हा मात्र उपाय नव्हे. तारेच्या टोकावर लग, म्हणजे जोडणीचं धातूचं टोक, दाबून बसवावा आणि त्यावर आतून गोंद असलेली, उष्णतेनं आवळणारी नळी चढवावी. बोटीच्या तळात साचलेल्या पाण्यात पंपाची उघडी तार लोळत असेल, तर गळणारा प्रवाह धातूचे भाग काही दिवसांत खाऊन टाकतो. तिथे जस्तही पुरत नाही.

आकडा छोटा, परिणाम मोठा. कळकलेल्या सांध्यात 0.2 ओहमचा अडथळा आला, की 10 अँपिअर घेणाऱ्या पंपाचे 2 व्होल्ट वाटेतच जातात आणि त्या टिचभर जागेत 20 वॉट उष्णता तयार होते.

ऑगस्ट 2024 मध्ये पालघरमधून देशभरातल्या 1 लाख मच्छीमार बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. संकटात सापडलेल्या खलाशांचा निरोप किनाऱ्यापर्यंत पोचवणारं हे यंत्र. ते ऐनवेळी बंद पडू नये, यासाठी जूनमध्ये बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारण्याआधीच वायरिंग तपासायला हवं. व्होल्टेज नुसतं बॅटरीवर मोजून भागत नाही. यंत्र चालू ठेवून बॅटरीपाशी आणि यंत्राच्या टोकाशी, दोन्हीकडे मोजावं. बॅटरीपाशी 12.5 आणि यंत्रापाशी 11 भरले, तर फ्यूजच्या बैठकीपासून अर्थिंगच्या तारेपर्यंत मधला प्रत्येक सांधा उघडून पाहावा.