माजी सैनिकाच्या दारापर्यंत : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सातारा, कोल्हापूर, सांगली या जिल्ह्यांत फौजी नसलेलं गाव शोधावं लागतं. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला तर लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. भरती निघाली की अख्खं गाव पोरांच्या मागे उभं राहतं. तीच पोरं म्हातारी होऊन परततात तेव्हा त्यांच्या हक्काची चौकशी करायला फारसं कुणी जात नाही. योजना आहेत, निधीही आहे. पण काही पक्के बसलेले समज आड येतात.

गैरसमज : फौजी म्हणजे पेन्शनवाला. त्याला मदत कशाला?
वस्तुस्थिती : जवानाला सेवेची पेन्शन बसायला साधारण १५ वर्षांची नोकरी लागते. त्याआधीच घरी आलेले कितीतरी जण आज शेतमजुरीवर जगतात. हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याचा, पेन्शन नसलेला माजी सैनिक आणि अशा सैनिकाची विधवा यांना वयाच्या ६५ वर्षांनंतर केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा अनुदान मिळू शकतं. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी ते ४,००० वरून ८,००० रुपये झालं आहे. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला आपण जो निधी देतो, त्यातूनच हा पैसा येतो. अर्जाची वाट जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जाते.

गैरसमज : फौजी गेला की पेन्शन आपोआप बायकोच्या नावावर होते.
वस्तुस्थिती : सगळ्यात जास्त घरं इथे अडकतात. डिस्चार्ज बुकात तिचं नाव ‘सुमन’, आधारवर ‘सुमनबाई’. कुठे माहेरचं नाव, कुठे सासरचं. जन्मतारीख माहीत नव्हती म्हणून आधार काढताना १ जानेवारी टाकलेली, पलटणीच्या कागदात वेगळीच. फौजी हयात असेपर्यंत या फरकाने काहीच अडत नाही. तो गेल्यावर मात्र सत्तरीच्या बाईला ‘ती मीच’ हे सिद्ध करत फिरावं लागतं. तो असतानाच प्रतिज्ञापत्र जोडून रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्ती करून घेता येते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं हे ऑफिस बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. तिकडे खेटे घालायची गरज नाही. जिल्हा कार्यालय पत्रव्यवहाराला मदत करतं.

गैरसमज : हयातीच्या दाखल्यासाठी शहर गाठावंच लागतं.
वस्तुस्थिती : दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो आणि तो चुकला की पेन्शन थांबू शकते, हे खरं. पण ‘जीवन प्रमाण’ या डिजिटल दाखल्याची सोय २०१४ पासून आहे. गावाजवळच्या सीएससी केंद्रात काम होतं, अल्प शुल्कात पोस्टमन घरी येऊनही करून देतो. नांगर-खुरप्याने बोटांचे ठसे झिजले असतील आणि यंत्र ते घेत नसेल, तर मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो.

गैरसमज : ईसीएचएसचं कार्ड शहरवाल्यांच्या कामाचं. अडीअडचणीला गावात उपयोग नाही.
वस्तुस्थिती : माजी सैनिकांची ही आरोग्य योजना १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. पॉलिक्लिनिक लांब असतं, ही अडचण खरीच आहे. पण जिवावरच्या प्रसंगी कार्डधारकाला जवळच्या कुठल्याही रुग्णालयात नेता येतं. जवळच्या पॉलिक्लिनिकला ४८ तासांच्या आत कळवायचं, सगळी कागदपत्रं जपून ठेवायची. खर्च ठरलेल्या दराने परत मागता येतो. रात्री छातीत दुखायला लागलं तर पॅनेलवरचं रुग्णालय शोधण्यात वेळ घालवू नये. घरातल्या प्रत्येकाला हा ४८ तासांचा नियम पाठ हवा.

गैरसमज : फौजी खंबीर गडी. त्याच्या मनाला काय होणार?
वस्तुस्थिती : सीमेवर काढलेल्या रात्री, गेलेले साथी, घरी परतल्यावरचं रितेपण यांचा ताण कुणालाही येतो. झोप उडणं, दारू वाढणं, माणसांत न मिसळणं ही खोड नव्हे, उपचाराची गरज असू शकते. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. गावात कुणाला कळण्याची भीती असलेल्यासाठी हा आधार मोठा आहे.

गैरसमज : तालुक्याला मेळावा घेतला की माहिती सगळ्यांपर्यंत पोचते.
वस्तुस्थिती : मेळाव्याला चालता-फिरता, मोबाइल वापरणारा फौजी येतो. अंथरुणाला खिळलेला, वाडीवर एकटी राहणारी विधवा, पेन्शनच नसलेला येत नाही, आणि गरज त्यांनाच जास्त असते. म्हणून मेळाव्याला आलेल्यांइतकीच न आलेल्यांची यादी महत्त्वाची. ती गावाकडेच तयार होऊ शकते. ग्रामसेवक, आशाताई, पोस्टमन आणि गावातलाच एखादा तरुण माजी सैनिक एकत्र बसले, तर कुठल्या घरात कोण आहे हे एका बैठकीत कळतं. मग त्या घरी जाऊन डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश आणि नवरा-बायकोचं आधार शेजारी शेजारी ठेवून नावं आणि तारखा ताडून पाहायच्या. एवढं काम येत्या ग्रामसभेत ठरवून हाती घ्यावं. फौजी हयात असतानाच ते झालं, तर उद्या त्याच्या बायकोची वणवण टळेल.