उमेदवाराची पारख : छाप की कसब?

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत वाहने, सुटे भाग व औषधे बनविणारे कारखाने असून, अशा ठिकाणी भरती करताना उमेदवाराची योग्यता दोन अंगांनी पाहिली जाते : त्याला नेमून दिलेले काम येते का, आणि तो तेथील शिस्तीत व माणसांत सामावेल का.

पहिले अंग तपासता येते. आयटीआय झालेल्या फिटरच्या हाती मायक्रोमीटर दिला, तर मोजण्यापूर्वी तो उपकरणाचे शून्य जुळते का हे पाहतो की नाही, आणि आलेले माप ड्रॉइंगवरील टॉलरन्सशी, म्हणजे मापातील मान्य फरकाशी, ताडतो की नाही, यावरून त्याचे कसब उघड होते. दुसरे अंग मात्र निसरडे आहे. समाजशास्त्रज्ञ लॉरेन रिव्हेरा यांनी अमेरिकेतील नामांकित व्यावसायिक कंपन्यांच्या भरतीचा अभ्यास करून २०१२ मध्ये दाखवून दिले की, मुलाखत घेणारे पुष्कळदा स्वतःसारख्याच आवडीनिवडी असलेल्यांना झुकते माप देतात. अशा वेळी वैजापूर वा कन्नडच्या खेड्यातून आलेला, इंग्रजीत अडखळणारा पण यंत्रावर तरबेज असलेला तरुण मागे पडू शकतो.

यावर उपाय म्हणजे संरचित मुलाखत, अर्थात सर्वांना कामाशी निगडित तेच प्रश्न विचारून आधीच ठरविलेल्या निकषांवर गुण देणे. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये केलेल्या निवडपद्धतींच्या फेरआढाव्यात, पुढील कामगिरीचा अंदाज बांधण्यात हीच पद्धत अग्रस्थानी आढळली. कारखान्यांनी ती अंगीकारावी. त्यात उमेदवाराला न्याय आहे आणि कारखान्याचेही हित आहे.